घरचं अवजार

"वढा!"

लालासाहेब मागून ओरडले आणि दोघी पुढं वाकल्या. उजवीकडं दीपमाला, डावीकडं तिची सासू चंद्राबाई. दोघींच्या खांद्यावरून छातीवर तिरका पट्टा, पट्ट्याला दोर, दोराच्या टोकाला कोळपं, आणि कोळप्याच्या मुठीवर सासऱ्याचे दोन हात. ओल्या काळ्या मातीत पास, कोळप्याचं खालचं पातं, रुतली की पट्टा छातीत रुतायचा. श्वास अर्ध्यावर अडकायचा. मग माती सुटायची, पाऊल पुढं पडायचं, आणि दीपमालाच्या मनात काहीतरी सुरू व्हायचं, की घरी गेल्यावर भाकरी टाकायच्या आधी

"वढा!"

न्हाणीत पाणी तापवून आत्तींचा गुडघा शेकायला हवा, कालपासून तो

"वढा!"

सुजलाय आणि त्या सांगत नाहीत, आपणच मामांना म्हणावं की

"वढा की! झोपला काय?"

सरीच्या दोन्ही अंगांनी उसाची पानं गालाला, मानेला, दंडाला चिरत होती. घाम त्या चिरांत उतरला की आग व्हायची. हात मोकळे नसल्यानं चेहऱ्यावर बसलेली माशी तशीच राहायची.

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला होता तो उठायला तयार नव्हता. तणनाशक मारावं तर तासाभरात धुऊन जायचं. हराळी आणि लव्हाळा उसाच्या बरोबरीनं वाढला होता. भांगलायला, तण खुरपायला, बाया मिळत नव्हत्या, निम्मं गाव इस्लामपूरकडं कारखान्यांत कामाला जात होतं. बैल तर केव्हाच संपले होते. लम्पीच्या साथीत एक गेला आणि दुसरा एकटा जुवाला काय लावणार म्हणून बाजारात गेला. तेव्हा लालासाहेब म्हणाले होते, "यंदापुरतं तुमी दोघी धरा. फुडच्या साली बघू." त्यावर किती पावसाळे गेले ते दोघींनी मोजायचं सोडून दिलं होतं. दीपमालाच्या खांद्यावरचा पट्टा तिच्या नवऱ्याच्या, शंभूराजच्या, जुन्या पिठ्ठूचा, पाठीवरच्या लष्करी पिशवीचा, होता. पलटणीतून सुट्टीवर येताना त्यानंच आणला होता. "दोर रुतणार न्हाई," म्हणाला होता. प्रेमानं म्हणाला होता.

पाचव्या की सहाव्या सरीत चंद्राबाई खाली बसली. पडली नाही, बसली. गुडघ्यानं काम करायचं सोडलं म्हणून. चिखलात बसून ती वर बघत राहिली.

"आत्ती!" दीपमालानं पट्टा काढला.

लालासाहेबांनी मूठ सोडली नाही. आभाळाकडं बघून म्हणाले, "ऊठ गं. वरनं भरून आलंय."

त्याच रात्री जेवताना ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. छोटा, सरीत चालणारा. गुडघा बघून ठरलं असं दीपमालाला वाटलं. तिनं सासूच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच सोडली.

*

ट्रॅक्टर दीपमालाच्या नावावर घ्यायचा होता. बाईच्या नावावर घेतला की सरकारी सवलत जास्त मिळते असं धाकटा दीर वीरधवल ऐकून आला होता. ओढ्याकडचा एक तुकडा शंभूराजनं लग्नानंतर तिच्या नावावर केला होता, तो आता कामाला आला. इस्लामपूरला निघताना तिनं ठेवणीतली साडी नेसली. खांद्यावरचा काळा वळ दिसू नये म्हणून पदर दोन्हीकडून घेतला.

दुकानात थंडगार हवा होती. निमिष नावाचा सांगलीचा पोरगेला विक्रेता बोलायला गोड होता. सह्या झाल्या. दीपमालाचा चाकावर हात ठेवून फोटो झाला. मग निमिष ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला गेला आणि समजावायला लागला.

"आता मागची जोडणी कशी पाहिजे ते ठरवू. एक, ट्रॉलीचा पक्का हूक. दुसरी, भोकांची पट्टी, खालीवर करता येते. आणि हे लिफ्टचे दोन हात आणि वरची लिंक, यांच्यावर अवजार बसतं. रोटर, नांगर, तण काढून उसाला माती लावायचं भरणीचं अवजार. ऊस आहे ना तुमचा? सरी किती फुटी?"

"पाच," वीरधवल म्हणाला.

"चार," दीपमाला म्हणाली. "त्यात बी ओढ्याकडच्या

"पाचच धरा," लालासाहेब म्हणाले.

"चार असेल तर मागची चाकं उलटी बसवून आत घ्यावी लागतील. रुंदी कमी होते."

"आत नको," वीरधवल म्हणाला. "आत घेतली की खेळणं दिसतंय. बाहेरच ठेवा, रुबाब पाहिजे. आन हूक दणकट द्या, सगळ्यात मोठा. ट्रॉली घेणार हाय आमी. दसऱ्याला मंडळाची देवी आपल्या ट्रॉलीतनं निघणार हाय."

दीपमालानं त्याच्याकडं बघितलं. ट्रॉली? घरात ट्रॉलीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"भावजी, आपण भरणीसाठी

"वैनी, तुमी बसा की तितं पंख्याखाली. चा येतोय."

"मानसिंगनं ट्रॉली घेतलीया," लालासाहेब निमिषला सांगत होते. मानसिंग म्हणजे समोरचा शेजारी. "वाडं भरून पेठंला जातो, पेंड आणतो, लोकं हाका मारत्यात त्याला. आमच्या दारात काय, मोकळी दावण."

"मग ट्रॉली आणि हूक," निमिष म्हणाला. "सवलतीत अवजार एकच बसतं. म्हणजे भरणीचं अवजार राहिलं. त्याचं काय करता?"

"त्ये हाय घरात," लालासाहेब म्हणाले.

"आहे? कुठल्या कंपनीचं?"

वीरधवल हसला. "घरचंच हाय. दोन हायत. डिझेल पण लागत न्हाई."

लालासाहेब हसले. निमिषला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं एकदा दीपमालाकडं बघितलं, मान खाली घातली आणि तोही थोडासा, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये इतकाच, हसला.

चहा आला. कप कागदी होता. तिनं तो असा धरला की चुरगळून गरम चहा मनगटावर सांडला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

*

"हॅलो. आवाज येतोय?" रात्री दीपमालानं शंभूराजला फोन लावला होता.

"येतोय. बोल. झाली खरेदी? वीरूनं फोटो पाठवला. झकास दिसतीस चाकापाशी."

"आवं, भरणीचं अवजार घेतलं न्हाई."

"मग काय घेतलं?"

"हूक. आन ट्रॉली."

"असू दे की. ट्रॉली बी लागतीच. अवजार फुडच्या साली घेऊ."

"फुडच्या साली. आन यंदाची मोठी भरणी कोण करणार?"

"रेंज जातीय. वीरूला ट्रॅक्टरमधलं कळतं, दीपा. तू उगं

"मी काय म्हणते, तुमी सुट्टीवर या. पट्टा तुमचाच हाय. तुमीच घाला."

"असं काय बोलतीस?"

"कसं बोलू? आत्तींचा गुडघा फुगून मडकं झालाय. भावजी दुकानात म्हणाले, घरचंच अवजार हाय, दोन हायत. सगळे हसले. तुमच्या पलटणीत सांगा हा इनोद. तिकडं बी हसतील."

"दीपा, हितं ड्यूटी

"माझी बी ड्यूटीच हाय. ठेवते."

*

ट्रॅक्टर यायला दिवस लागणार होते आणि लव्हाळा थांबणार नव्हता.

चंद्राबाईला चालवेना. लालासाहेबांनी दोन्ही दोर दीपमालाच्या पट्ट्याला बांधले. एका खांद्यावर ओढ घेतली की दुसऱ्या बाजूची कंबर मुरगळायची. अंगठे मातीत रोवून, मान खाली घालून ती सरीतून जात राहिली. आता मनात भाकरी नव्हती, शेक नव्हता. एकच वाक्य होतं आणि ते कुणाच्या ओरडण्यानं तुटत नव्हतं. घरचंच हाय. पाऊल. दोन हायत. पाऊल. डिझेल पण लागत न्हाई.

वीरधवल एकदा बांधावर आला. मोबाईलवर मंडळाच्या पोरांशी बोलत होता, ट्रॉलीला झेंडूच्या माळा किती लागतील, आवाजाची पेटी कुठं बांधायची. बोलता बोलता त्यानं वहिनीकडं बघून हात वर केला, रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला करतात तसा.

दीपमाला थांबली.

"का थांबलीस?" मागून सासरे.

"भावजींना इचारा, एक दोर धरत्यात का."

"त्येला काम हाय."

"दिसतंय की."

"त्वांड लय चालतंय आजकाल तुजं."

"त्येवढंच मोकळं हाय, मामा. बाकीचं बांधलंय तुमी."

लालासाहेबांनी मूठ दाबली. पास मुद्दाम खोल घातली की मातीच घट्ट होती कोण जाणे, पण पुढचं पाऊल टाकताना दीपमालाच्या डोळ्यांपुढं काळं आलं. ती थांबली नाही. सरी संपेपर्यंत थांबली नाही. बांधावर पोचल्यावर ओकली. ओकारीत सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

रात्री चंद्राबाईनं तिच्या खांद्याला हळद-तेल लावलं. लावून झाल्यावर म्हणाली, "मला वाटलं, माजा गुडघा बघून घेत्यात ट्रॅक्टर."

"मला बी तसंच वाटलं, आत्ती."

"मानसिंगची ट्रॉली बघून घेतला."

"व्हय."

चंद्राबाईनं तेलाची वाटी खाली आपटली. घरात आलेल्या दिवसापासून दीपमालानं सासूला काही आपटताना बघितलं नव्हतं.

*

खंडेनवमीला सकाळीच ट्रॅक्टर दारात आला. लाल, चकचकीत, वर छत, पुढं चांदीसारखं बंपर. मागं मनगटाएवढ्या जाड लोखंडाचा हूक आणि हुकाला निळी ट्रॉली. मागची चाकं बाहेर काढलेली, रुंद. लिफ्टचे दोन्ही हात साखळीनं वर बांधून टाकले होते, ट्रॉलीला लागू नयेत म्हणून. दीपमाला त्या बांधलेल्या हातांकडं बघत उभी राहिली.

अंगण सारवलेलं होतं. लालासाहेब अवजारं मांडत होते. पलटणीत हवालदार होते, तिथं किट मांडायची सवय लागली ती सुटली नव्हती. पोत्यावर सरळ रेघेत नांगराचा फाळ, कुदळ, टिकाव, फावडं, खुरपी, विळे, कोयता, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, कोळपं. सगळी घासून, तेल लावून, टोकं एकाच दिशेला. रेघेच्या शेवटी ट्रॅक्टर. त्यांचे दोन नियम होते आणि ते गावाला माहीत होते. मांडणीत एकही अवजार वगळायचं नाही. एका वर्षी विळा राहिला आणि त्याच विळ्यानं वीरधवलचं बोट गेलं, तेव्हापासून ते पूजेआधी कोपरान् कोपरा शोधायचे. आणि पूजलेलं अवजार दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत कुणी उचलायचं नाही.

त्यांनी हळद-कुंकवाचं ताट घेतलं. फाळाला बोट लावलं. कुदळीला. टिकावाला.

दीपमाला घरात गेली, खुंटीवरचा पट्टा काढला, खांद्यावरून तिरका घातला, बक्कल आवळलं, आणि बाहेर येऊन पोत्यावर बसली. कोळप्याच्या पुढं, ट्रॅक्टरच्या अलीकडं. मांडी घालून, तोंड समोर, सगळी अवजारं ज्या दिशेला होती त्याच दिशेला.

"वैनी?" वीरधवल चाकाला माळ बांधत होता.

"हे काय?" लालासाहेब.

"भरणीचं अवजार," दीपमाला म्हणाली. "वगळू नका. उलटलं तर तुमालाच जड जाईल."

"ऊठ. येड लागलं काय? सणासुदीचं."

"घरचंच हाय न्हवं, मामा? दुकानात तुमीच म्हणालात, त्ये हाय घरात. मग मांडा की."

"वैनी, गंमतीत बोललो मी," वीरधवल म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेताय? माणसं येतील आता."

"येऊ द्या. त्यांना बी सांगू. दोन हायत."

"दुसरं कुठं हाय मग?" त्यानं हसून घ्यायचा प्रयत्न केला.

आतून चंद्राबाई आली. भिंत धरत, एक पाय ओढत. उंबऱ्यावर थांबली. कुणी हात द्यायला पुढं आलं नाही, दीपमाला उठली नाही. चंद्राबाई स्वतःच अंगण ओलांडून आली, पोत्यावर टेकली आणि सुजलेला पाय हातानं उचलून सरळ केला.

"मी डावीकडची," ती म्हणाली.

तेवढ्यात मानसिंग पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकातून आत आला. "लालानाना, अभिनंदन! ट्रॉली लय झ्याक

त्यानं फाळापासून बघत आणलं. कोळपं. दीपमाला. चंद्राबाई. ट्रॅक्टर. पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात तसाच राहिला.

"बसा मानसिंगभावजी," दीपमाला म्हणाली. "पूजा चाललीया."

लालासाहेबांच्या हातातलं ताट कलंडायला आलं. "काय पायजे तुला? बोल एकदाचं!"

आणि दीपमाला बोलली. मधे कुणी तोडलं नाही.

"ट्रॉली परत जाऊ दे आन तिच्या जागी भरणीचं अवजार येऊ दे. चाकं आत घ्या, चार फुटी सरीत बसतील अशी. ट्रॅक्टरचे हात बांधल्यात त्ये सोडा. आन त्यो चालवायला मला शिकवा, कारण सरीत मी जाते, तुमी न्हाई. न्हाईतर लावा कुंकू आन म्हणा गावादेखत, आमच्या घरात बायका जुवाला असत्यात."

"उद्या मिरवणूक हाय!" वीरधवल ओरडला. "ट्रॉली परत दिली तर मंडळात त्वांड दाखवू का मी?"

"देवी दोरानं वढा. पोरं हायत की मंडळात. डिझेल पण लागत न्हाई."

मानसिंगनं खोकल्यासारखं केलं आणि दुसरीकडं बघितलं. पण त्याचे खांदे हलताना लालासाहेबांना दिसले. उद्या सोनं वाटताना पारावर कशावर हसणं चालेल ते त्यांना कळलं.

"फोन लाव दुकानात," ते म्हणाले.

"आबा!"

"लाव म्हंतो न्हवं!"

वीरधवलनं फोन लावला, स्पीकरवर. मागं घंटेचा आवाज येत होता, दुकानातही पूजा चालली असावी. लालासाहेबांनी एका दमात सांगितलं. पलीकडं निमिष होता.

"बदलून देता येईल, काका. ट्रॉली अजून वापरली नाही ना? पण मालकाचा होकार लागतो."

"मीच बोलतोय की."

"तसं नाही. गाडी दीपमालाताईंच्या नावावर आहे. ताई आहेत का तिथं?"

वीरधवल वाकला, कारण ती पोत्यावर बसली होती आणि उठत नव्हती, आणि त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला.

"मी दीपमाला. सरी चार फुटी हाय. तवा बी सांगितलं व्हतं."

"हो ताई." पलीकडून आवाज खाली गेला. "ऐकलं होतं मी."

"हूक असू दे. ट्रॉली न्यायला गाडी पाठवा, आन चाकं आत घ्यायला माणूस. आजच."

"आज सण आहे, ताई. संध्याकाळपर्यंत पाठवतो."

फोन बंद झाला. ट्रॉलीच्या फळीला बांधलेली झेंडूची माळ वीरधवलनं ओरबाडून काढली आणि तरातरा घराबाहेर गेला. फुलं अंगणभर झाली.

"झालं न्हवं मनासारखं?" लालासाहेब म्हणाले. "आता उठा दोघी. निवदाचं बघा."

दीपमाला हलली नाही. राग गेला नव्हता. तो खांद्यात होता, वळाच्या खाली, आणि एका फोननं तो जाणार नव्हता.

"पूजा व्हायचीय," ती म्हणाली.

लालासाहेबांनी मानसिंगकडं बघितलं. मानसिंग पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होता, फार लक्ष देऊन. मग म्हातारा पुढं सरकला. फावडं. खुरपी. विळे, एकेक. कोयता, कुऱ्हाड, पंप. कोळपं. दीपमालासमोर आल्यावर त्यांना वाकावं लागलं. पट्ट्याच्या बक्कलावर त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. बोट लागून पदर थोडा सरकला. पट्ट्याच्या कडेनं वर आलेला काळा, कातड्यासारखा जाड झालेला वळ त्यांनी बघितला. मागून कधी दिसला नव्हता. त्यांनी लगेच नजर काढून घेतली.

चंद्राबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. चारचौघांत, नवऱ्यादेखत, शेजाऱ्यादेखत. गुडघा ताणून चकचकीत झाला होता.

"हितं लावा," ती म्हणाली. "ह्येनंच वढलंय."

त्यांनी लावलं. मग ट्रॅक्टरच्या बंपरला लावलं, नारळ फोडला, ताट खाली ठेवलं आणि हाताला लागलेलं कुंकू धोतराला पुसलं.

"आता तरी उठा. पाव्हणा आलाय, चा टाका. चूल पेटवा."

चंद्राबाईनं पाय तसाच लांब ठेवला. पाठ ट्रॅक्टरच्या रुंद चाकाला टेकवली आणि डोळे मिटले.

"पूजलेलं अवजार आज उचलत्यात व्हय?" ती म्हणाली.

लालासाहेब ताटापाशी उभे राहिले. मानसिंगनं सुटलेला पुडा पुन्हा बांधायला घेतला. घरात चूल थंड होती, आणि चहाची भांडी कुठल्या फळीवर असतात हे दोघा पुरुषांपैकी एकालाही माहीत नव्हतं.